नागपूर ते सॅन फ्रान्सिस्को : किलोमीटर, तास आणि सूर्य

परदेशी असलेल्या मुलाकडे जाण्याचे ठरले, की नागपुरातील घरात पहिला प्रश्न विचारला जातो तो 'किती तास लागतात?' हाच. त्याचे उत्तर तिकिटावर शोधू गेल्यास हमखास फसगत होते. समजा, थंडीच्या दिवसांतील एखाद्या तिकिटावर नागपूरहून प्रस्थान सोमवारी पहाटे ४ वाजता आणि सॅन फ्रान्सिस्को येथे आगमन सोमवारीच दुपारी १ वाजता, असे छापलेले आहे. वजाबाकी केली तर प्रवास अवघ्या ९ तासांचा दिसतो. परतीच्या तिकिटावर सोमवारी दुपारी ४ वाजता निघून बुधवारी पहाटे २.३० वाजता नागपूर, म्हणजे साडेचौतीस तास. हा हिशेब ऐकून घरातील आजींनी 'जाताना उतार आणि येताना चढ आहे की काय?' असे विचारले, तर त्यात त्यांचा काही दोष नाही.

तिकिटावरील प्रत्येक वेळ त्या-त्या गावच्या घड्याळाची असते, एवढाच याचा उलगडा. सॅन फ्रान्सिस्कोचे घड्याळ भारताच्या मागे चालते. हिवाळ्यात साडेतेरा तास आणि मार्च ते नोव्हेंबर या काळात, तेथील घड्याळे एक तास पुढे केलेली असल्यामुळे, साडेबारा तास. जाताना हा फरक मिळवायचा आणि येताना वजा करायचा. म्हणजे वरील प्रवास जाताना साडेबावीस तासांचा आणि येताना एकवीस तासांचा ठरतो. तरीही दोहोंत दीड तासाची तफावत उरतेच. ती कशाने येते, हे समजून घेण्यासाठी घड्याळ बाजूला ठेवून पृथ्वीचा गोल हाती घ्यावा लागतो.

अंतरे मोजण्याची आवड नागपूरला जुनीच आहे. झिरो माईलच्या स्तंभावर हैदराबाद, चांदा, रायपूर, जबलपूर, सिवनी, छिंदवाडा, बैतूल अशा गावांची अंतरे मैलांत कोरलेली आहेत. ती अंतरे रस्त्याची. आकाशातील अंतर गोलावर दोरा ताणून मोजतात. सोनेगावच्या विमानतळावर दोऱ्याचे एक टोक आणि सॅन फ्रान्सिस्कोवर दुसरे टोक धरून तो घट्ट ताणला, तर लांबी भरते सुमारे १३,१०० किलोमीटर. आश्चर्य लांबीचे नाही, दिशेचे आहे. भिंतीवरच्या सपाट नकाशात अमेरिका पश्चिमेला, युरोपापलीकडे दिसते. दोरा मात्र नागपूरहून थेट उत्तरेकडे, किंचित पूर्वेला कलून निघतो. हिमालय, तिबेट, मंगोलिया, सायबेरिया असे करीत तो ७२ अक्षांशापर्यंत, म्हणजे आर्क्टिक वर्तुळाच्याही वर चढतो आणि अलास्का-कॅनडाच्या बाजूने खाली उतरतो. या मार्गाने ताशी ९०० किलोमीटर वेगाने, कोठेही न थांबता गेल्यास साडेचौदा तास पुरावेत.

प्रत्यक्षात असे कोणतेही विमान उडत नाही. नागपूरहून अमेरिकेला थेट सेवा नाही हे पहिले कारण. दुसरे कारण तिबेटच्या पठाराचे. विमानातील हवेचा दाब अचानक कमी झाला, तर वैमानिकाला तत्काळ सुमारे ३ किलोमीटर उंचीपर्यंत खाली यावे लागते. तिबेटची जमीनच साडेचार किलोमीटरच्या आसपास उंच आहे. खाली यायला जागाच नसल्यामुळे प्रवासी विमाने शक्यतो तो प्रदेश टाळतात. तिसरे कारण राजकारणाचे. फेब्रुवारी २०२२ नंतर रशियाने युरोपीय देशांच्या विमानांना आपले आकाश बंद केले आणि अमेरिकन कंपन्यांनाही तो मार्ग सोडावा लागला. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आकाशबंदी केली आणि दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना वळसा पडू लागला. कागदावरचे किलोमीटर तेच राहिले, तास वाढले.

आणि चौथे कारण वाऱ्याचे, जे सर्वांत मजेशीर आहे. साधारण १० ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वायुप्रवाह असतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी २०० किलोमीटरहून अधिक होऊ शकतो. विमान त्यांच्या दिशेने गेले तर वारा ढकलतो, उलट गेले तर अडवतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकवरून न नेता पूर्वेकडून, पॅसिफिक महासागरावरून नेले. हा मार्ग सुमारे १५,३०० किलोमीटरचा, म्हणजे जुन्या मार्गापेक्षा सुमारे १,४०० किलोमीटर लांब. तरीही विमान साडेचौदा तासांत, जुन्या मार्गापेक्षा जवळपास दोन तास लवकर पोहोचले. परत येताना ते अटलांटिकवरूनच, पुन्हा पूर्वेकडेच आले आणि पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण झाली. लांबचा रस्ता लवकर पोहोचवितो, हे वाहतुकीचा खर्च किलोमीटरवर मोजणाऱ्या व्यापाऱ्याला सहज पटणारे नाही. पण आकाशातील हिशेब असाच चालतो.

नागपूरच्या प्रवाशापुढे खरा प्रश्न असतो तो कोठे बदलायचे, हा. दिल्लीमार्गे गेल्यास दोन टप्प्यांचे सरळ अंतर सुमारे १३,२५० किलोमीटर होते, म्हणजे थेट दोऱ्यापेक्षा फार तर दीडशे किलोमीटर जास्त. मुंबईमार्गे ते सुमारे १४,२०० होते. दोहामार्गे मात्र आधी २,८४० किलोमीटर पश्चिमेला जायचे आणि तेथून सुमारे १३,००० किलोमीटर. एकूण १५,८०० च्या पुढे. किलोमीटर पाहणारा दिल्लीचे तिकीट काढील. परंतु सत्तरीतील गृहिणी एकटी प्रवास करीत असेल, तर किलोमीटरपेक्षा तिला किती वेळा रांगेत उभे राहावे लागते, हे अधिक महत्त्वाचे. मुंबईत देशांतर्गत आणि आंतरराष्ट्रीय विमानांची टर्मिनले वेगळी असू शकतात. दिल्लीत पारपत्राची तपासणी तेथे होते. कतार एअरवेजने डिसेंबर २०१५ मध्ये नागपूर-दोहा सेवा सुरू केली, तेव्हापासून पारपत्राचे सोपस्कार सोनेगावलाच उरकून, सामान थेट शेवटच्या गावापर्यंत देऊन निघण्याची सोय झाली. व्हीलचेअरची मागणी तिकिटावर आधीच नोंदविली, तर एका विमानाच्या दारातून दुसऱ्या विमानाच्या दारापर्यंत सोबत मिळते. अडीच हजार किलोमीटर लांब असलेला मार्ग अशा प्रवाशाला जवळचा ठरतो. वेळापत्रके व सेवा वारंवार बदलतात, त्यामुळे तिकीट काढण्याच्या दिवशी जे चालू असेल तेच खरे धरावे.

देशाच्या अगदी मध्यावर असलेल्या शहराला बाहेर पडण्यासाठी दुसऱ्याचे दार ठोठवावे लागावे, यात थोडा विरोधाभास आहे. एके काळी उलटे होते. ३० जानेवारी १९४९ पासून रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तिचे केंद्र नागपूर होते. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून संध्याकाळनंतर विमाने निघत आणि मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावला एकत्र येत. मुंबई ६८० किलोमीटर, दिल्ली ८५५, मद्रास ९१०, कलकत्ता ९८०. ताशी पावणेतीनशेच्या वेगाने उडणाऱ्या डकोटा विमानांना चारही दिशांनी अडीच ते चार तास पुरत. टपालाच्या थैल्या आणि प्रवासी यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत विमाने आपापल्या गावी परतत. मुंबईच्या पेढीने संध्याकाळी टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्याच्या पेढीत मिळू लागले. बाजारभावावर जगणाऱ्या व्यापाराला तो केवढा आधार होता, हे जुन्या पेढ्यांतील वडीलधारी मंडळी आजही सांगतील.

आता सूर्याकडे वळू. रात्रिभोजनाचा त्याग आणि चौविहार पाळणाऱ्या घरांत तासांपेक्षा हाच प्रश्न मोठा असतो आणि त्याचे उत्तर कोणत्याही तिकिटावर छापलेले नसते.

नागपूरच्या अक्षांशावर पृथ्वीचा पृष्ठभाग ताशी सुमारे १,५५० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे फिरतो. विमान पश्चिमेला ताशी ९०० ने गेले, तर सूर्यास्त त्याला गाठतो, पण संथपणे, दिवस लांबतो. जसजसे उत्तरेला जावे, तसतसा पृथ्वीचा हा वेग कमी होतो. ५७ अक्षांशाच्या आसपास तो विमानाच्या वेगाएवढा होतो. तेथे पश्चिमेला जाणाऱ्या विमानाच्या खिडकीत सूर्य एकाच जागी खिळल्यासारखा दिसतो आणि त्याहून उत्तरेला विमान सूर्याच्याही पुढे धावते. पूर्वेला जाताना सारे उलटे; दिवस आखूड, रात्रही आखूड. शिवाय ११ किलोमीटर उंचीवरून क्षितिज खाली गेलेले असते, त्यामुळे आपल्या अक्षांशावरदेखील विमानातून सूर्यास्त जमिनीपेक्षा १४ ते १५ मिनिटे उशिरा दिसतो. खाली दिवेलागण झाली आणि खिडकीत ऊन आहे, असा अनुभव पुष्कळांना येतो. मग पच्चक्खाण कोणत्या सूर्यास्ताचे?

दोहाहून सॅन फ्रान्सिस्कोचा दोरा तर जवळजवळ उत्तर ध्रुवावरून, ८५ अक्षांशावरून जातो. प्रत्यक्ष मार्ग वारा आणि परवानग्या पाहून ठरतो, तरी तो आर्क्टिकच्या बाजूनेच वर चढतो. जूनमध्ये तेथे सूर्य मावळतच नाही. सकाळी दोह्यात उगवलेला सूर्य सॅन फ्रान्सिस्कोत रात्री साडेआठच्या सुमारास मावळेपर्यंत जवळपास २६ तासांचा अखंड दिवस मिळतो. ज्यांना सूर्याच्या साक्षीनेच आहार घ्यायचा, त्यांना तो सोयीचाच. डिसेंबरमध्ये मात्र सकाळी उन्हात निघालेले विमान काही तासांनी ध्रुवीय अंधारात शिरते आणि कॅनडावर खाली येताना पुन्हा पहाट होते. एकाच प्रवासात एक सूर्यास्त आणि दोन सूर्योदय. नवकारशी सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी. पण कोणत्या सूर्योदयानंतर? विमानातील पहिले जेवण बहुधा उजेडात येते, मधला अल्पोपाहार अंधारात, शेवटचे जेवण पुन्हा उजेडात.

याचा निर्णय घरातल्या तरुणाने संगणकावर पाहून द्यावा, असा हा विषय नाही. काही कुटुंबांत निघालेल्या गावच्या घड्याळाप्रमाणे नियम पाळतात, काही खिडकीतील सूर्य प्रमाण मानतात, काही त्या दिवशी उपवासच करतात. जो ज्या परंपरेचा असेल त्याने आपल्या महाराजसाहेबांना निघण्यापूर्वी विचारावे. मात्र विचारताना त्यांच्यापुढे नेमकी माहिती ठेवावी: विमान किती वाजता निघते, कोणत्या महिन्यात, कोणत्या बाजूने जाते, अंधार किती तासांचा. सदैव पायी विहार करणाऱ्या साधुसाध्वींना विमानाच्या खिडकीतून काय दिसते याची कल्पना असावी, अशी अपेक्षा धरणे बरोबर नाही.

माहिती नेमकी असणे आवश्यक आहे, कारण येथे पाण्याचा प्रश्न येतो. पहाटे ४ वाजता नागपूरहून निघणाऱ्या चौविहारी प्रवाशाने आदल्या संध्याकाळी ६ पासून पाणी घेतलेले नसते. विमान पश्चिमेला चालल्यामुळे सूर्योदय लांबतो. हिवाळ्यात दोह्याच्या सूर्योदयानंतरची नवकारशी येईपर्यंत भारतीय घड्याळाने साडेनऊ होतात. घरी असत्या तर साधारण साडेसात वाजता पाणी मिळाले असते. म्हणजे पंधरा तासांहून अधिक काळ पाण्याविना, त्यातील चार तास अशा हवेत, जिच्यातील आर्द्रता बहुधा २० टक्क्यांहून कमी असते. धडधाकट माणसाला हे सोसते. मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्या वृद्धांना सोसेलच असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चार तासांहून अधिक काळ एका जागी बसून केलेल्या प्रवासानंतर शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो, असे आढळले. मूळ धोका लहान आहे, सुमारे सहा हजारांत एक. परंतु वय, शस्त्रक्रिया, स्थूलता यांनी तो वाढतो. दर तासा-दोन तासांनी उठून चालणे, पोटऱ्यांची हालचाल करणे आणि पुरेसे पाणी पिणे हे साधे उपाय आहेत. यांतील तिसरा नियमाशी भिडतो. चौविहाराऐवजी त्या दिवसापुरता तिविहार घ्यावा का, हे डॉक्टरांचा सल्ला महाराजसाहेबांच्या कानावर घालून ठरवावे. आजी स्वतः कोणाला काही सांगणार नाहीत; 'मला काही होत नाही' एवढेच म्हणतील. विचारण्याचे काम सुनेने किंवा नातीने करावे.

आहाराविषयी दोन शब्द पुरेत. विमान कंपन्यांच्या यादीत जैन आहाराला 'व्हीजेएमएल' अशी खूण आहे. 'एव्हीएमएल' ही खूण भारतीय पद्धतीच्या शाकाहाराची असून त्यात कांदा-लसूण असू शकतो. मागणी निदान २४ ते ४८ तास आधी नोंदवावी, प्रत्येक टप्प्यासाठी ती नोंदली आहे का हे पाहावे आणि विमान बदलले तर पुन्हा विचारावे, कारण बदलात ही नोंद गळून पडते. हातातील सामानात १०० मिलिलिटरपेक्षा अधिक द्रव नेता येत नाही, त्यामुळे उकाळलेले पाणी घरून नेण्याचा विचार सोडावा. अमेरिकेत उतरताना ताजी फळे, भाजीपाला, बियाणे जवळ नसावे आणि खाखरे, सुका नाश्ता जे असेल ते अर्जात जाहीर करावे.

हा सुका नाश्ता मात्र दोन दिवस पुरेल इतका असावा. ६ जून २०२३ रोजी दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेले एअर इंडियाचे विमान इंजिनातील बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेकडील मगादान येथे उतरविण्यात आले. त्यात २१६ प्रवासी होते. गाव लहान, हॉटेले अपुरी. बऱ्याच जणांना तात्पुरत्या निवाऱ्यात झोपावे लागले. तेथील अन्न मांस-मासळीचे, त्यामुळे काही शाकाहारी प्रवाशांनी पाव आणि सूप यांवर वेळ काढल्याचे तेव्हाच्या बातम्यांत होते. दुसरे विमान पोहोचून त्यांची सुटका ८ जूनला झाली. गोलावर ताणलेला दोरा ज्या प्रदेशांवरून जातो, त्यांत अशी गावे फार थोडी आणि फार दूर-दूर आहेत. नागपूरच्या खाखऱ्याचे वजन कितीसे असते!

या सगळ्या हिशेबातील सर्वांत जड आकडा मात्र जाण्याचा नाही, येण्याचा आहे. इकडे वडील गेले आणि मुलगा तिकडे असला, तर सारे घर एकवीस तासांकडे पाहते. आपल्याकडे अंत्यविधी लांबविण्याची पद्धत नाही. देह ठेवून वाट पाहणे बहुतेक घरांत मान्यही होत नाही. फोनवर मुलगा 'थांबाल का?' असे विचारतो आणि काकांना 'नाही थांबता येणार' असे सांगावे लागते. हे वाक्य बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला आयुष्यभर टोचत राहते. काही वडीलधारी मंडळी आपल्या हयातीतच मुलांना सांगून ठेवतात, की माझ्यासाठी थांबू नका, तू धावतपळत येऊ नकोस. अशा घरांत तो फोन थोडा सोपा जातो. पण सांगायचे राहून गेलेले असते, ती घरे अधिक.

वडिलांचे निधन सोमवारी सकाळी ८ वाजता झाले, असे धरू. सॅन फ्रान्सिस्कोत तेव्हा रविवारची संध्याकाळ, साडेसहा वाजलेले. त्याच रात्रीचे विमान मिळणे कठीण. दुसऱ्या दिवशी दुपारी ४ चे मिळाले, तर मुलगा बुधवारी पहाटे २.३० वाजता सोनेगावला उतरतो. अंत्यविधी त्याच्याविना सोमवारीच झालेला असतो. उठावणा तिसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी दहाला ठेवला, तर तो आईशेजारी बसलेला असतो.